कोणावरही संशय नाही

"ए.डी. झाली, मैने. सुटलीस तू," असं डोक्यावर हात ठेवून हनुमान म्हणाला, तेव्हा त्या दोन अक्षरांचा अर्थ विचारावा असं मैनाच्या मनातही आलं नाही. भावाने सांगितलं, झालं. आणि भाऊ तरी कसा? सख्खा, थोरला, वर गावचा पोलीस पाटील. गावात कोणी बुडालं, पेटलं, फासाला लटकलं की मुरबाडच्या ठाण्याला पहिली खबर त्याने द्यायची. साहेब आले की खुर्ची त्याने मांडायची, पंच त्याने गोळा करायचे. मैनाचा पाडा वर डोंगरात, हनुमानचं गाव खाली धसईच्या रस्त्याला. पण पाडा मोडायचा त्याच गावात, म्हणून पाड्याचा पाटीलही तोच.

मैनाचा नवरा नामा गेला तो थंडीच्या दिवसांत. ओढ्यात मासे धरायला बांबूचा सापळा लावला होता, तो काढायला भल्या पहाटे उतरला आणि परत आलाच नाही. सूर्य वर आल्यावर खालून निरोप आला. नामा ओढ्याच्या काठी पडलाय, हनुमानला दिसला. पाडा धावत सुटला. मैना पोचली तोवर नामाचं अंग गार पडलेलं, डोळे अर्धे उघडे, उजव्या घोट्याखाली काळा डाग. हनुमान शेजारी उकिडवा बसलेला, चेहरा पांढराफटक.

"पान लागलं गो," तो म्हणाला.

साप चावला असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही. नाव घेतलं की तो परत येतो म्हणतात. पान लागलं म्हणायचं, की सगळं समजतं. पाड्याला समजलं. बायकांनी हंबरडा फोडला आणि मैना मात्र दगडासारखी उभी राहिली.

मग पोलिसांची जीप आली. प्रेताचा पंचनामा सुरू झाला. हनुमानने गावातले दोन जाणते पंच उभे केले होते. त्यांनी लांबूनच बघितलं, पाटील सांगेल त्याला मान डोलावली. भोईर हवालदार, मुरबाड ठाण्याचा पोक्त माणूस, मैनापाशी येऊन म्हणाला, "ताई, तुमचा कोणावर संशय?"

संशय? सापावर कसला संशय घ्यायचा? मैनाला काही उमजेना. तिने भावाकडे पाहिलं. हनुमान तिच्या कानाशी वाकला. "नाय म्हण. हाय म्हटलंस तर मढं अडकून पडंल. मुंबईला नेतील, आठ-आठ दिवस देत नाय. नामाची विटंबना कशाला करतेस?"

"नाय," मैना म्हणाली. "माजा कोणावर संशय नाय."

सातवीपर्यंत शिकली होती, सही करता येत होती. केली. नामाला मुरबाडला नेलं, फाडला, दुपारनंतर आणला, आणि दिवस मावळायच्या आत तो राख झाला. सगळी धावपळ हनुमानने केली. गाडी त्याने ठरवली, लाकडं त्याने आणली, पाड्यातल्या बाप्यांना हाताशी धरून सगळं निगुतीने पार पाडलं. सगळे म्हणाले, भाऊ असावा तर असा. मैनालाही तेच वाटत होतं. बाप मेला तेव्हा ती परकरात होती. ओढ्याला पाणी आलं की ह्याच भावाच्या खांद्यावर बसून ती शाळेत जायची. त्याचा शब्द तिला देवाच्या शब्दाइतका खरा. देव तरी कधीमधी चुकतो, दादा नाय चुकत, असं नामा तिला चिडवायचा.

दहावं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मैना आणि तिची सासू गुणाबाई अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, तर भोईर हवालदार घामाघूम होऊन पाडा चढून आला. एकटाच. मैनाने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"ताई, तुम्ही आला नाहीत ठाण्यात," तो पाणी पिऊन म्हणाला. "पाटलांना सोमवारीच सांगितलं होतं, बहिणीला घेऊन या म्हणून. जबाब परत घ्यायचाय."

"मला नाय सांगितलं कोणी."

हवालदाराने तोंड पुसलं आणि तिच्याकडे नीट बघितलं.

"आणि जबाब कशाला परत?" मैना म्हणाली. "दादा बोलला ए.डी. झाली. संपलं सगळं."

"संपलं?" हवालदार हसला नाही. "ताई, ए.डी. म्हणजे अकस्मात मृत्यू. माणूस अचानक गेला, आणि कसा गेला ते अजून ठरायचंय, असा त्याचा अर्थ. अपघात होता असं पोलिसांनी ठरवलं, असा नाही. साप असो, पाणी असो, कोणी घात केलेला असो, प्रत्येक मेलेला माणूस आधी त्याच दाराने आत येतो. चौकशी झाली, कारण कळलं, की मग ठरतं कुठल्या दाराने बाहेर काढायचा. तुमचं दार अजून उघडंच आहे."

मैनाच्या हातातली शेंग तशीच राहिली. एवढे दिवस ती त्या दोन अक्षरांना झाकण समजत होती.

"डॉक्टर काय म्हणतात ते सांगतो," हवालदाराचा आवाज खाली आला. "सापाचा दात कुठेच नाही. पायाला आहे तो डाग करंटचा. विजेचा. ओढ्यावर वीज कुठून आली? इकडे डुकरांसाठी कोणी तार लावतं का?"

"नाय," मैना पटकन म्हणाली. "दादाने ग्रामसभेत दम दिलाय सगळ्यांना. तार लावंल त्याची खबर मी स्वतः देईन म्हणून. कोणाची छाती व्हनार?"

हवालदाराने तांब्या खाली ठेवला. "बारावं उरका आणि या. पाटलांना आणायची गरज नाही," एवढंच म्हणाला आणि उतरायला लागला.

गुणाबाई इतका वेळ शेंगा सोलत ऐकत होती. म्हातारीला दिसायला कमी, पण डोकं खणखणीत. हवालदार वळणाआड गेला तशी तिने मांडीवरची टरफलं झटकली.

"एक विचारू गो? पान लागलेल्या मानसाला भगताने बघितल्याबिगर कोणी कधी चितेवर ठेवलाय?"

मैनाने मान वर केली.

खरंच की! पाड्यातली रीतच ती. पान लागलेला माणूस मेला असं कोणी म्हणतच नाही. अंग गार पडलेलं असलं तरी भगताला हाक जाते, लिंबाचे डहाळे येतात, ढोल घुमतो. जीव आत कुठेतरी दडून बसलेला असतो म्हणतात. नामाच्या चुलत्याला असाच एक अख्खा दिवस ठेवला होता, वास यायला लागला तरी भगत हटेना. डॉक्टर असो, कलेक्टर असो, आधी भगत. खरं-खोटं देवाला ठाऊक, पण एवढं केल्याबिगर आमच्या माणसाचा हात चितेला लागत नाही.

"मी बोलले त्या दिशी, भगताला बोलवा," गुणाबाई म्हणाली. "तुजा भाव बोलला, येऊन काय करनार, पोलिसांचं काम हाय. तुज्याच घरचा तो, ह्याच मातीतला. बाप पान लागून गेला तवा भगताच्या पायावर डोकं आपटून घेतलेला पोरगा. आणि ह्या येळेला त्याला भगत आठवला नाय? ज्याला सापाचं भ्या वाटलं तो भगताला इसरत नाय, मैने. साप नव्हताच, म्हणून इसरला."

"आत्ये, काय बोलता तुमी!"

"माजा पोरगा गेलाय. मी बोलनार."

मैनाला राग आला. म्हातारी दुःखाने भ्रमली असं तिने स्वतःला समजावलं. पण मनात एकदा कुसळ घुसलं की ते कुठे गप्प बसू देतं? दुपारी तिने पदर खोचला आणि खाली निघाली. भावालाच विचारायला. होय, भावालाच! अजूनही तिला वाटत होतं की दादा एका वाक्यात सगळं साफ करेल आणि आपण लाजून मान खाली घालू.

हनुमान घरी नव्हता. मोटारसायकल घेऊन धसईला गेला होता. भावजय चंद्रकला ओट्यावर भेंडी निवडत बसली होती. बरीचशी किडकी, तुटकी, मातीने भरलेली.

"ये गो, बस. बघ ही दशा," चंद्रकलाने हातातली भेंडी टोपलीत आपटली. चंद्रकलाचं तोंड म्हणजे फुटका नळ, सगळ्या गावाला ठाऊक. "अख्खं वावर लोळवलं मेल्या डुकरांनी. येवढी वर्षं एक डुक्कर नाय शिरला आमच्यात, लोकं जळायची. आता तार काढल्यापासनं रोज..."

आणि तिथे तिची जीभ थांबली. पण शब्द सुटला होता.

"कधी काढली, वयनी?" मैनाने विचारलं.

"चा टाकते मी," चंद्रकला उठली. आत गेली ती भांड्यांचा आवाज करत राहिली, बाहेर काही आली नाही.

मैना चहासाठी थांबली नाही. भावाचं वावर ओढ्याच्या वरच्या अंगाला, दोन बांध ओलांडले की आलंच. भेंडीच्या ओळी जमीनदोस्त झाल्या होत्या, डुकरांच्या मुसकाडांनी माती उलटीपालटी. बांधाच्या कडेने मात्र खुंट्यांची भोकं एका रांगेत, ताज्या उपटलेल्या खुंट्यांची. रांग विहिरीवरच्या मोटरच्या खोपटापासून निघत होती आणि पाड्यावरून ओढ्याकडे येणाऱ्या पायवाटेला आडवी जात होती. त्याच पायवाटेने नामा रोज उतरायचा, एरवी मात्र उजाडल्यावर. मेहुण्याच्या वावरातून जायला कोणाला विचारायचं असतं?

ती तिथेच बांधावर मटकन बसली. रडू आलं नाही. ग्रामसभेत छाती काढून बोलणारा दादा. कानाशी लागून 'नाय म्हण' सांगणारा दादा. नामाची विटंबना कशाला करतेस, असं म्हणाला होता मेला! तिच्याच तोंडून त्याने तिच्या नवऱ्याचं मरण झाकून घेतलं होतं. दुसऱ्या कोणी केलं असतं तर तिने शिव्या दिल्या असत्या, माती फेकली असती. इथे शिवी द्यायची तर कोणाच्या आईला? आई तर दोघांची एकच.

तरी खरं सांगायचं तर घरी येईपर्यंत तिने त्याला अर्धा माफ करून टाकला होता. बाईचा जीव माहेरात कसा अडकलेला असतो ते काय सांगावं. तार डुकरासाठी होती, नामासाठी नव्हे, असं ती वाटभर स्वतःला सांगत राहिली. करंट म्हणजे काय, एक झटका आणि संपलं, नामा तिथल्या तिथे गेला असेल. पहाटे वावरात येऊन दादाने ते बघितलं असेल आणि त्याची पाचावर धारण बसली असेल. पाटीलकी जाईल, बेड्या पडतील, पोरंबाळं उघडी पडतील. घाबरलेला माणूस काय वाट्टेल ते करतो. तिची हर्षाली शहापूरला आश्रमशाळेत, तिच्या पुढच्या शिक्षणाचं मामाच बघणार होता. हा आधार तोडला तर मागे कोण? बोलायचं की गिळायचं, एवढाच प्रश्न उरला होता, आणि दोन्हीकडून तिचंच काहीतरी मरणार होतं.

त्याने आपणहून कबूल करावं, असं तिने शेवटी ठरवलं. माझ्यापाशी एकदा खरं बोलावं. मग मी हवालदाराला काय सांगायचं ते बघेन.

बाराव्याला अंगणात मांडव घातला. पाडा जमला, खालचं गावही आलं. जेवणं उठायच्या आधी दुखवटा असतो. माहेरचा माणूस विधवा लेकीसाठी लुगडं आणतो, चारचौघांत तिच्या खांद्यावर टाकतो, आणि म्हणतो, तुझं माहेर जागेवर आहे. ते अंगावर पडल्याशिवाय बाईच्या तोंडात गोड घास जात नाही. हनुमानने चांगलं लुगडं आणलं होतं, हिरव्या काठाचं. घडी मोडून दोन्ही हातांवर धरून तो पुढे आला. त्याचे डोळे सुजलेले होते. सगळ्या बायका पदराने डोळे पुसायला लागल्या.

लुगडं खांद्याला टेकायच्या आधी मैनाने त्याचं मनगट धरलं.

"दादा, वावरातनं ओढ्यापर्यंत त्याला एकट्याने नेलास, की संगती कोन व्हता?"

मागे चंद्रकलाने तोंडावर पदर घेतला.

"मैने, लोकं बसलीत," हनुमान पुटपुटला.

"बसूदे. संशय नाय म्हनायला मला लोकांसमोरच लावलंस. आता तू बोल लोकांसमोर. मी पोलिसांकडे जायच्या आधी माज्यापाशी बोल, येवढंच मागते."

त्याने मनगट सोडवून बघितलं. मैनाने सोडलं नाही. त्याने पंचांकडे बघितलं, ते दोघे जमिनीकडे बघत होते. मग लुगड्यासकट तो खाली बसला आणि लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला.

"एकट्यानेच," तो म्हणाला. "डुकरासाठी व्हती गो तार, रातच्यापुरती. देवाशपत डुकरासाठी. मी बटन बंद कराला आलो तर हा पडलेला. मला काय सुचलाच नाय. पाटील मी, माज्याच वावरात, माजाच मेहुना. खांद्यावर घेतला आणि..."

मैनाचा हात सैल पडला. त्याने कबूल केलं होतं. हेच तर तिला हवं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पहिल्यांदा, आणि ती त्याच्यासमोर खाली बसली. त्या क्षणी ती त्याला जवळ घेणार होती. पाड्याने काय म्हणायचं ते म्हणो, भाऊ तो भाऊ.

ते बघून हनुमानला धीर आला. आता सगळंच सांगून मोकळं व्हावं असं त्याला वाटलं असणार.

"मी त्याला तसाच टाकला नाय, मैने," तो तिचे हात धरून म्हणाला. "असा कसा टाकीन? ओढ्याच्या काठी नीट निजवला. ओंजळीने पानी पाजला. शेवटचा पानी माज्या हातचा गेला त्याच्या तोंडात."

मैना त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"प्यायला?"

"आं?"

"पानी. प्यायला तो?"

"प्यायला ना. दोन घोट प्यायला," हनुमान म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते त्याला कळलं.

मांडवात कोणीतरी "आई गं" म्हणालं. गुणाबाई उठायला गेली आणि कोलमडली, तिला दोघींनी धरलं. मैनाने आपले हात भावाच्या हातातून एकेक करून सोडवून घेतले. तिच्या डोळ्यांतलं पाणी आटून गेलं होतं.

"जित्ता व्हता तो," ती म्हणाली. "दादा, धसईला दवाखाना हाय. तुज्या दाराशी गाडी उभी असती."

"मैने, जगला नसता तो. मला वाटला, नाय जगनार..."

"आणि जगला असता तर बोलला असता. व्हय ना?"

हनुमानला आता रडताही येत नव्हतं. लुगडं दोघांच्या मधे मातीत पडलं होतं. मैनाने ते उचललं नाही, लाथाडलंही नाही. उठली, घरात जाऊन चपला घातल्या, आणि सासूचा हात धरून म्हणाली, "चला, आत्ये." पंचांतला एक जण उठून म्हणाला, जेवणं तरी होऊ दे, बाई. "जेवा तुमी," मैना म्हणाली. "पाटलाचा शब्द खाऊन पोट भरलं नसंल तर जेवा." त्याचं तोंड उतरलं. पाटलाला अडवायला मात्र कोणी गेलं नाही आणि उठवायलाही कोणी गेलं नाही.

धसईला एसटी मिळाली. म्हातारी सगळ्या वाटेत मैनाच्या दंडाला धरून बसली होती. मैना खिडकीबाहेर बघत होती. माहेर गेलं, हर्षालीचा मामा गेला, आपण आता साफ उघड्यावर आलो, हे सगळं तिला स्वच्छ कळत होतं. पण तिच्या डोक्यात दुसरंच घोळत होतं. ओंजळीतलं पाणी तोंडाला लागलं तेव्हा नामाने डोळे उघडले असतील. समोर मेहुण्याचं तोंड दिसलं असेल. त्याला वाटलं असेल, आला, आता वाचलो.

ठाण्यात भोईर हवालदाराने दोघींना बाकावर बसवलं, चहा मागवला. मग कागद पुढे ओढला.

"बोला ताई. तार कोणाची होती?"

"तार मागनं सांगते," मैना म्हणाली. "आधी हे लिवून घ्या. माजा नवरा पानी प्यायला व्हता."